बापदेव, बी विंग, पार्किंग

गोदूबाईला करंजपाड्यात तोंडावर सगळे गोदूआय म्हणतात आणि पाठीमागे रेडिओ. कारण ती एकदा सुरू झाली की बंद करायचं बटण कुठे आहे ते तिच्या नवऱ्यालासुद्धा अख्ख्या संसारात सापडलेलं नाही. नवरा म्हणजे काशिराम. न्हावा शेव्याला पोर्टात होता, रिटायर झाला, आता ओट्यावर बसून मोबाईलवर कुस्त्या बघतो आणि बायको बोलायला लागली की कुस्तीचा आवाज वाढवतो. चाललंय त्यांचं छान.

तर ही गोदूबाई धवलारीण आहे. म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात जी बाई धवले गाते ना, ती. देवांना गाऊन मांडवात बोलावायचं, नवरा-नवरीची नावं घ्यायची, आईबापांची घ्यायची, आणि हळदीत धवला लागला की लग्न लागलं, विषय संपला. हल्ली भटजीपण येतो, मंगलाष्टकं म्हणतो, फोटोत मधे उभा राहतो, पण गावातल्या म्हाताऱ्यांना विचाराल तर भटजी म्हणजे ताटातला पापड. जेवण म्हणजे गोदूबाई. तिला साडी द्यायची, नारळ द्यायचा, तांदूळ द्यायचे आणि घसा उघडायला एका स्टीलच्या पेल्यात जे द्यायचं ते द्यायचं, आणि त्या पेल्यात काय आहे ते विचारायचं नाही.

करंजपाडा आहे विचुंब्याच्या जवळ. म्हणजे आहे असं म्हणायचं. बाहेरच्या माणसाला आधी टॉवर दिसतात, मग अजून टॉवर दिसतात, मग एक निळाशार स्विमिंग पूल, आणि त्या सगळ्याच्या मध्ये भज्यातल्या मिरचीसारखं गाव. आधी इथे सगळी भातशेती होती. मग शेतं गेली, बंगले आले, बंगल्यांवर सिमेंटचे गरुड आले, दारात पांढऱ्या गाड्या आल्या आणि माणसांच्या गळ्यात एवढं सोनं आलं की खाली वाकून चप्पल घालायची चोरी. सगळ्यांनी जागा बदलल्या. बदलल्या नाहीत त्या फक्त देवांनी. कारण देवाचं नाव काही सातबाऱ्यावर नसतं, त्यामुळे शेत विकताना त्याला कोणी विचारलं नाही आणि तोही आपला दगड बनून बसला जिथे होता तिथे.

मग झालं काय, की जो बापदेव दिनानाथच्या शेतात चिंचेखाली होता तो आता एका टॉवरच्या बी विंगच्या पार्किंगमध्ये आहे. चिंच गेली, देव राहिला. बिल्डरने भोवती स्टीलची जाळी लावली, वर ट्यूबलाईट लावली आणि बाजूच्या खांबावर लाल रंगात नो पार्किंग लिहिलं, म्हणजे बघा किती मान. वेताळ पेट्रोल पंपावर गेला, हवा भरायच्या मशीनच्या बाजूला. एक गावदेवी तेवढी जिथल्या तिथे, पण तिच्या देवळाला मार्बल लागला, एसी लागला, आणि म्हाताऱ्या आता पाया पडायला स्वेटर घालून जातात.

गोदूबाई मात्र वर्षानुवर्षं जुनाच धवला गात होती. चिंचेखालचे बापदेवा मांडवी या, खाडीच्या वाटेवरचे वेताळा मांडवी या. मग एक दिवस तिच्या मुलीने तिला कुरियरने मिक्सर पाठवला आणि तो परत गेला. कुरियरवाल्या पोराने फोन करून सांगितलं की आजी, पत्ता जुना टाकलाय, या नावाचा रस्ताच आता नाहीये. झालं. गोदूबाई दिवसभर चटणी पाट्यावर वाटत राहिली आणि डोक्यात तेच. मिक्सरसारखा मिक्सर, वायर असलेला, गॅरंटी असलेला, तो जर चुकीच्या पत्त्याने परत जातो, तर देव काय येणार डोंबल.

तिने काशिरामला विचारलं की आपण इतकी वर्षं देवांना बोलावतो ते येतात तरी का. काशिराम म्हणाला, मना वाटलां जेवनाला येत आसतील.

पुढच्याच लग्नात गोदूबाईने पत्ते बदलले. कोणाला न विचारता. मांडवात दोनतीनशे माणसं, नवरी पाटावर, आणि गोदूबाईने सूर लावला, तोच नाकातला, लांबच लांब, आणि त्यात स्वच्छ ऐकू आलं,

"मांडवी या गो मांडवी या, बापदेव देवा मांडवी या,
बी इंगचे पार्किंगांशी मांडवी या."

पोरं अशी हसली की एकाच्या नाकातून कोल्ड्रिंक आलं. मागच्या बायका, ज्या तिच्यामागून ओळ उचलतात, त्यांनी आधी एकमेकींकडे बघितलं आणि मग उचलली की. त्यांना काय, गोदूआयने म्हटलं म्हणजे तसंच. मग वेताळ हवेच्या मशीनीपासून आला, गावदेवी एसीमधून आली, आणि लग्न झोकात झालं. तिथून पुढे प्रत्येक लग्नात तेच. पोरं तर आता वाटच बघायची, मोबाईल वर करून.

हसत नव्हता तो एकटा दिनानाथ.

दिनानाथ म्हणजे माजी सरपंच. गळ्यात चेन अशी की तिला कुत्रा बांधला तर कुत्रा सुटणार नाही. तसा वाईट नाही हां माणूस, कोणाच्या घरात मयत झालं की पहिला हा पोचतो. पण गोदूबाईचा नवा धवला त्याला चावायचा, आणि का चावायचा ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कारण देव बी विंगच्या पार्किंगमध्ये गेला कसा, हा प्रश्न आला की उत्तर एकच, दिनानाथने शेत विकलं म्हणून. वेताळाची जागापण त्याच्याच चुलत्याची. म्हणजे गोदूबाई देवांना बोलवायची खरी, पण प्रत्येक ओळीत कोणी काय विकलं त्याचा जाहीर पाढा. गावाचा अख्खा इतिहास, तोही ढोलकीवर. आणि दिनानाथ प्रत्येक लग्नात पहिल्या रांगेत सोफ्यावर.

आणि आता त्याच्याच पोरीचं लग्न आलं. समृद्धीचं. मुलगा मिथुन, उरणचा, चांगलं घर, पोर्टात नोकरी. दिनानाथने ठरवलं की हळद दोन्हीकडची एकाच मांडवात करायची, कंबाईन हळद, कारण त्याला उरणकरांना मांडव दाखवायचा होता. मग त्याने गोदूबाईला निरोप धाडला की ओरिजिनल धवला म्हणायचा, पार्किंग-बिर्किंग चालणार नाही, बाहेरची माणसं येणार आहेत, हसतील. गोदूबाईने उलटा निरोप धाडला की ओरिजिनल देव ओरिजिनल जागेवर आणून ठेव, मग म्हणते.

असे निरोप बरेच गेले आले. मधले निरोप इथे सांगण्यासारखे नाहीत.

शेवटी दिनानाथने डोकं लढवलं. डीजेवाला जीवन आहे ना, त्याच्याकडे जुन्या हळदीचं रेकॉर्डिंग होतं, गोदूबाईच्याच आवाजातलं, पत्ते बदलायच्या आधीचं. तेच वाजवायचं. आवाज तोच, धवला तोच, देव चिंचेखाली, आणि बाईची कटकट नाही. समृद्धी बापाशी भांडली. ती म्हणाली पप्पा, लग्न माझं आहे, मला गोदूआय पाहिजे, माझ्या आईचा धवला तिनेच म्हटला होता. पण दिनानाथने मांडवाला झुंबरं लावली होती, तो आता कोणाचं ऐकतोय.

ही बातमी गोदूबाईला कळली तेव्हा ती पहिल्यांदा गप्प बसली. काशिरामने कुस्ती बंद केली, एवढी गप्प. कारण तिला गावाची रीत माहीत होती. दिनानाथने सिमेंटचा गरुड बसवला की वर्षभरात सगळ्या बंगल्यांवर गरुड. दिनानाथने एकदा पेन ड्राईव्हवर धवला लावला की पुढच्या मे महिन्यापर्यंत सगळे पेन ड्राईव्हच लावणार. मग तिने करायचं काय. लिहिता येत नाही, वाचता येत नाही, रांधते तेसुद्धा जेमतेमच. एक हे गाणं होतं की ज्याच्यासाठी लोक तिची वाट बघायचे, खुर्ची द्यायचे, ती खोकली तरी ढोलकी थांबायची. ते गेलं की राहिली नुसती एक म्हातारी, तोंडाने फाटकी.

तरी हळदीच्या दिवशी तिने साडी काढली, परत घडी घातली, परत काढली, आणि मग घरचंच लुगडं नेसून ओट्यावर जवळा निवडत बसली. मांडव समोरच, दोन घरं सोडून. काशिराम म्हणाला जेवायला तरी जाऊ. तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याची भूक मेली.

चार वाजता मांडव भरला. समृद्धी आणि मिथुन पाटावर, हळदीच्या वाट्या तयार, उरणच्या बायका पिवळ्या साड्यांत एका बाजूला, गावच्या दुसऱ्या. दिनानाथने हात वर केला आणि जीवनने बटण दाबलं.

सुरुवात तर मस्त झाली. गोदूबाईचा आवाज एवढ्या मोठ्या स्पीकरमधून कधी आलाच नव्हता, झुंबरं हलली. बापदेव चिंचेखालून आला, वेताळ खाडीच्या वाटेवरून आला, दिनानाथ सोफ्यावर मागे टेकला. बायकांनी सवयीने मागची ओळ उचलली, म्हाताऱ्यांनी मुठीत अक्षता घेतल्या. आणि मग धवल्यात नावं आली.

आता नावं तर येणारच. धवला आहे तो, नावं घेतल्याशिवाय लग्न कोणाचं लावणार. पण जीवनने रेकॉर्डिंगचा फक्त आवाज चेक केला होता, बेस किती, ट्रेबल किती. ऐकलं नव्हतं. आणि दिनानाथने ऐकलं ते फक्त चिंचेपर्यंत. स्पीकरमधून गोदूबाईने अख्ख्या विचुंब्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की नवरी आहे दीपा, मालूबायची लेक, आणि नवरा आहे प्रदीप.

प्रदीप म्हणजे दिनानाथचा सख्खा पुतण्या. दीपा म्हणजे त्याची बायको. होती. कोर्टात जाऊन रीतसर काडीमोड झालेला, दोन्ही घरांचं बोलणं बंद झालेलं, आणि एकाच गावातली असल्यामुळे दोघं इथेच, मांडवात. प्रदीपच्या हातात मटणाचा डाव होता, तो पंगतीची तयारी बघत होता. दीपा समृद्धीची मैत्रीण म्हणून पाटामागे उभी होती, हातात हळदीची वाटी.

जीवन बटण शोधत होता. पण घाबरल्यामुळे त्याने आवाज अजून वाढवला. आणि म्हाताऱ्यांचं काय असतं, त्यांचे हात सवयीचे. धवल्यात नाव आलं की ज्याचं नाव त्याच्या डोक्यावर अक्षता. त्यांनी इकडे-तिकडे बघितलं, दीपा दिसली, प्रदीप दिसला, आणि टाकल्या. मूठ मूठ. प्रदीप डाव धरून उभा आणि केसांत पिवळे तांदूळ. मग आवाज बंद झाला आणि मांडवात आचाऱ्याच्या कढईचा रटरट आवाज यायला लागला.

उरणच्या एका बाईने शेजारणीला विचारलं, "आमचा पोर कोन मंग? करवला?"

मालूमावशी, म्हणजे दीपाची आई, कपाळ धरून खालीच बसली. दोन म्हाताऱ्यांमध्ये लगेच वाद सुरू झाला की हे लागलं की नाही. एक म्हणाली मशीनचा धवला मोजत नाहीत. दुसरी म्हणाली आवाज गोदूचा, अक्षता पडल्या, अजून काय पाहिजे. आणि खरा घोळ तर वेगळाच, की धवला एका बैठकीत एकदाच लागतो, तो तर लागून गेला दुसऱ्यांना, आता समृद्धीचं काय. परत लावायचा तर धवलारणीने स्वतः येऊनच. भटजी म्हणाला मी आहे ना. त्याच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

समृद्धी पाटावरून उठली नाही. बापाकडे बघून एवढंच म्हणाली, "जा. आन तिला."

दिनानाथ स्वतः गेला. जीवनला पाठवून बघायची हिंमत त्याला झाली नाही. गोदूबाईने त्याला येताना बघितलं होतं, सगळं ऐकलंपण होतं, स्पीकर तर तिच्याच आवाजात बोंबलत होता. पण मान वर न करता जवळा निवडत राहिली.

दिनानाथ म्हणाला, "गोदूआय, चल."

"पेन ड्राईव्ह बिघारला का?"

"चल गो. पोर पाटावर बसलीय."

"मी आयले तं पार्किंग येल. हवेची मशीन येल. आन तू समोर सोफ्यावर बसशील, उठून जायाचा नाय."

दिनानाथने चेन चाचपली. मग तो ओट्यावर बसला, तिच्यासमोर, आणि हळूच म्हणाला, "बसतंय. पन एक सांग. तुजी जाकमाता कुठं रवते आता?"

गोदूबाईचा हात सुपात थांबला.

कारण प्रत्येक लग्नात ती सगळ्या देवांचे नवे पत्ते सांगायची, पण एकाचा नाही. जाकमाता तिच्या स्वतःच्या शेतातली देवी. तिला ती अजूनही बांधावरचे जाकमाते असंच बोलवायची. बांध कधीच गेला होता. शेत काशिरामने विकलं होतं, आणि त्या जागेवर आता फॅमिली रेस्टॉरंट अँड बार आहे, ज्यात फॅमिली कोणी बघितलेली नाही. देवी मागच्या बाजूला, रिकाम्या बाटल्यांचे क्रेट आणि गॅसचे सिलिंडर यांच्या मध्ये. बारवाला शटर उघडायच्या आधी तिला रोज हार घालतो, त्याची भक्ती आहे, पण तरी. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बोललं कोणी नाही, कारण गोदूबाईच्या तोंडाला कोण लागणार.

काशिरामने मोबाईल उलटा मांडीवर ठेवला आणि दुसरीकडे बघायला लागला.

"माजा सांगशील तं तुजा पन सांग," दिनानाथ म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

गोदूबाईने निवडलेला जवळा सुपात एका कडेला केला. मग सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले, वास यायचा तो आलाच, आणि म्हणाली, "पेला भरून ठेवलाय का?"

ती मांडवात शिरली तेव्हा आधी मालूमावशीने तिचे पाय धरले. म्हणाली गोदू, माझ्या पोरीचं लागलेलं सोडव, कसंपण सोडव. मागे दीपा उभी, चेहरा लाल, आणि खांबापलीकडे प्रदीप, अजूनही डाव हातात.

"मना लावाचा येतं," गोदूबाई म्हणाली. "सोडवाचा कोनी शिकवलां नाय. वकिलाला विचार, त्याला फोन कर."

"म्हणजे मी आता याची बायको आहे?" दीपाने विचारलं.

"ते तुजा तू बघ. मी तवा घरा जवला निवडीत व्हते."

लोक हसले, आणि हसल्यावर निदान श्वास तरी घ्यायला लागले. प्रदीपने दीपासाठी खुर्ची आणली. तिने ती घेतली, पण उचलून दुसऱ्या पंख्याखाली नेली आणि तिथे बसली. प्रदीपला तेवढंही चाललं असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

गोदूबाईने पेला संपवला, खाकरली, ढोलकी थांबली, आणि तिने सूर लावला. स्पीकरशिवाय, त्यामुळे लोकांना पुढे सरकावं लागलं. गावदेवी एसीतून आली. वेताळ हवेच्या मशीनीपासून आला. बी इंगचे पार्किंगांशी म्हणाली तेव्हा सगळ्यांनी सोफ्याकडे बघितलं, दिनानाथ बसलेला होता, कान लालभडक, पण बसलेला होता. पोरांचे मोबाईल वर होते. उरणच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, अगदी दिनानाथला भीती होती तश्शाच.

मग जाकमातेची ओळ आली. गोदूबाई थांबली. ढोलकीवाल्याला वाटलं विसरली, त्याने एक फेरा जास्त वाजवला. काशिराम मांडवाच्या तोंडाशी उभा होता, आत यायचं की पळायचं हे न ठरवता.

"मांडवी या गो मांडवी या, जाकमाते आई मांडवी या," ती म्हणाली, आणि आवाज तिथे चिरला, पहिल्यांदाच, लग्नात असा कधी चिरला नव्हता, "बारचे मागल्या दारांशी मांडवी या, बाटल्यांमधशी उठून या."

कोणी हसलं नाही. मागच्या बायकांना ओळ उचलायची होती, त्यापण गप्प. दिनानाथने उचलली. बेसूर, पुरुषाच्या आवाजात, धवला काय पुरुषांनी म्हणायचा असतो का, पण त्याने म्हटली, बाटल्यांमधशी उठून या, आणि मग बायकांनी त्याचा आवाज झाकायला म्हणून जोरात म्हटली.

तेव्हा उरणच्या बाजूने एक म्हातारी उठली. पारूबाय, मिथुनची आजी, जी सकाळपासून कोणाशी बोलली नव्हती आणि जिच्या नाकाच्या शेंड्यावरच्या रागाला सगळे घाबरून होते. तिने गोदूबाईला हाताने थांबवलं.

"बाय," ती म्हणाली, "आमचा बापदेव पोर्टाच्या तारेच्या आत गेलाय. आमाला पन वर्सातनं एकदा सोरतात. त्याला भायेर याला गेटपास लागतो. तो पन घाल की."

गोदूबाईने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, कुठलं गेट.

पारूबाय म्हणाली ट्रकचं. तिची सून म्हणाली ट्रकचं नाही, पलीकडचं, नव्या यार्डाकडचं. तिसरी म्हणाली तो यार्ड झाल्यावर देवाला परत हलवला, तुला काय माहीत, तू तर मुंबईला होतीस. उरणच्या पिवळ्या साड्यांमध्ये जे भांडण पेटलं ते पेटलं. समृद्धीच्या गालावरची हळद वाळून तडकायला लागली, मिथुनने तिला फुंकर घातली, भटजी घड्याळ बघून थकला. गोदूबाई पाटासमोर मांडी घालून, रिकामा पेला जीवनच्या दिशेने पुढे करून बसली होती, आणि नीट पत्ता मिळेपर्यंत ती पुढची ओळ म्हणणार नव्हती.